पहिले सांगून येतो

वर्ध्याजवळच्या देवळीत शाळेवर बदली होऊन आले त्या दिवशी माझ्या भाड्याच्या खोलीचं कुलूप काही केल्या उघडेना. जूनचं ऊन, सामानाचा टेम्पो दारात, टेम्पोवाला सारखा हॉर्न वाजवतोय. घरमालकीण विमलकाकूंनी किल्ली दोनदा फिरवली, कुलपाकडे रागानं पाहिलं आणि म्हणाल्या, "थांब पोरी, पहिले सांगून येतो." वऱ्हाडी बायका 'येते' नाही, 'येतो' म्हणतात. मला वाटलं, कुलूपवाल्याला सांगायला गेल्या. त्या गेल्या स्वयंपाकघराच्या कोनाड्यातल्या पितळी बाळकृष्णाकडे.

आल्या त्या खोबरेल तेलाची वाटी घेऊन. चार थेंब सोडले आणि कुलूप उघडलं.

"देवानं सांगितलं का हो तेलाचं?" मी विचारलं.

"त्याले काय मालूम कुलपातलं? त्याच्यापुढं बसली, डोस्कं ठंडं झालं, तं मलेच आठवलं."

पुढची सहा-सात वर्षं मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिले. गॅस संपला, मोटार बिघडली, पाहुणे न सांगता आले, की आम्ही सगळे धावायचो आणि काकू आत जाऊन बसायच्या. दोन मिनिटांत बाहेर. त्यांची प्रार्थना संस्कृतात नव्हती आणि हळू आवाजातही नव्हती. जिन्यातून जाता-येता सगळं ऐकू यायचं. एकदा लेकीची बाजू मांडत होत्या. "हे पाह्य कान्होबा, सुमीच्या सासूचं तोंड बंद कर. ते तुह्याच्यानं होत नसन, तं सुमीचे कान बंद कर. दोनातून एक तरी कर बाप्पा!"

वसंतकाका, म्हणजे त्यांचे यजमान, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. ते देवापेक्षा पान्याला जास्त मानायचे. चहाला उशीर झाला की मला हाक मारून म्हणायचे, "मॅडम, आमच्या घरी चायची फाईलबी वरून मंजूर होऊन येते. बसा." काकू आतूनच उत्तर द्यायच्या, "तुमच्या वर्कशॉपात तं मंजूर होऊनबी गाडी सुरू नोती होत!"

मी जन्मजात काळजीवाली. शाळेची तपासणी महिन्यावर असली तरी माझं जेवण आजपासून कमी. काकूंना ते मुळीच खपायचं नाही. मला समोर बसवून, ओट्यावरच्या रिकाम्या पातेल्याकडे बोट दाखवत म्हणायच्या, "काळजी करणं म्हंजे रिकामं गंज चुलीवर ठेवणं. शिजत काईच नाई, गंज तेवढं जयते. तू पहिले त्याले सांग, मंग कामाले लाग. तू तं ना सांगतं, ना कामाले लागतं!" मी हसण्यावारी न्यायचे. त्यांच्या भक्तीची गंमत करणाऱ्यांत काकांच्या खालोखाल माझाच नंबर होता.

मग एका एप्रिलात, सकाळची शाळा आटोपून मी नुकतीच घरी आले होते. काका अंगणात कूलरचा पंप दुरुस्त करत होते. खाली काहीतरी पडल्याचा आवाज झाला. धावत गेले, तर काका छाती धरून जमिनीवर, अंगभर घाम. माझ्या मनात पहिला विचार आला की आता काकू आत जाऊन बसणार!

काकूंनी स्वयंपाकघराकडे पाहिलंसुद्धा नाही. तशाच अनवाणी रस्त्यावर गेल्या, जाणारा ऑटो अडवला, ऑटोवाल्याच्या मदतीनं काकांना आत घेतलं. मागोमाग मी चढले. वर्ध्याच्या रस्त्याला लागल्यावर मला दिसलं, काकांचं डोकं मांडीवर आहे आणि काकूंचे ओठ हलताहेत. त्यांनी सांगायला घराबाहेर पडतानाच सुरुवात केली असावी.

काकांनी डोळे किलकिले केले. "काऊन पुटपुटून राह्यली?" ते कसेबसे म्हणाले. "जोरात सांग. ऑटोच्या आवाजात त्याले ऐकू नाई जात."

आयुष्यभर थट्टा करत आलेल्या माणसानं असं म्हटल्यावर काकू हसल्या आणि रडल्याही. मग खरोखर मोठ्यानं सांगू लागल्या. ऑटोवाला पुढं बघत गाडी हाणत होता. त्याचेही ओठ हलू लागले होते.

काका दवाखान्यात दोन-तीन दिवस होते. मग गेले.

तेरवी झाली, सुमी सासरी परतली, घर रिकामं झालं. एका दुपारी काकू लसूण सोलत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि मला राहवलं नाही. "काकू, एवढ्या जोरात सांगितलंत. ऐकलं का त्यानं?"

"नाई ऐकलं," काकू सरळ म्हणाल्या. आणखी दोन पाकळ्या सोलल्या.

"मीबी मंग दिवा नाई लावला. बोललीच नाई त्याच्यासंग. एकटीले भेव वाटे, तुले सांगावं म्हटलं, तं तू माह्याहून भेकड. एका भेवाचे दोन भेव झाले असते." पदरानं नाक पुसलं. "मंग एक दिवस लय राग आला. म्हटलं, आज भांडतोच. गेली नं भांडली. जे तोंडात आलं ते बोलली. मस्त येळ भांडली पोरी. आन् भांडता भांडता ध्यानात आलं, का मी त्याच्यापाशीच येऊन बसली आहो."

सोललेला लसूण त्यांनी वाटीत गोळा केला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"चाय मांडू का तुले?" म्हणाल्या.