भिंतीकडची दोरी

...नाही गं, तिथून नको, दोरीपासून सुरू कर. ब्रेककाकांची गोष्ट दोरीशिवाय कळायचीच नाही. पेन चालतंय ना? मग लिही.

आपलं हे घर म्हणजे नऊ बिऱ्हाडांचा एक संसार. खोल्या ज्याच्या त्याच्या, पण स्वयंपाकघर एक, जेवायचं टेबल एक, आणि खाली कपडे वाळवायची खोलीही एकच. बाहेर गारठा असा की कपडे पत्र्यासारखे ताठ होतात, म्हणून सगळ्यांचं वाळवण आतच. त्यातली भिंतीकडची दोरी प्रत्येकाला हवी. तिच्यावर रात्री टाकलेला टॉवेल सकाळी कडकडीत. बाकीच्या दोऱ्यांवर दोन-दोन दिवस ओलाच. आपल्याच घरातल्या नळवाल्याच्या बायकोनं तर एकदा रिकाम्या दोरीला नुसते चिमटे लावून जागा धरली होती! मी आपली विचारायची, "अगं, पण हीच दोरी का?" तर म्हणायचे, "आजी, कपडे वाळल्याशी मतलब." मला नुसत्या मतलबानं झोप येत नाही, तुला माहितीये.

आता काका. जन्मभर बस चालवली त्यांनी. कुणी भरभर बोलायला लागलं की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा, म्हणून तुम्ही पोरांनीच नाव ठेवलं ना, ब्रेककाका? जेवायला बसले की चमचा उचलायच्या आधी मान वळवून मागेपुढे बघणार. "बसले का सगळे? निघायचं?" मगच पहिला घास. बायको गेल्यावर इथे राहायला आले, आणि खोली मिळाली ती वाळवणाच्या खोलीला लागून. त्यांच्या खोलीत हीटर चालू, तरी अंगात कोट, डोक्याला टोपी. मी एकदा म्हटलं, "अहो, घरातल्या घरात कुणाच्या लग्नाला निघालात?" तर म्हणाले, "टोपी काढली की थंडीला माझा पत्ता लागतो, वहिनी."

विजेचं बिल आधी नवांत सारखं वाटलं जायचं. मग खोलीखोलीला मीटर लागले आणि काकांचा आकडा निघाला इतरांच्या दुप्पट. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई हिशोब बघतात. बाई सरळ आहे हं, पोटात एक ओठात एक असलं नाही. टेबलाशी म्हणाल्या, "यापुढे ज्याचं मीटर त्याचं बिल. त्यात कुणावर अन्याय नाही." नळवाला म्हणतो, "काका, खोलीत विमान उडवता की काय?" सगळे हसले. काकाही हसले. पाय मात्र दाबलेला होता, मी टेबलाखाली बघितला.

दोन महिने काकांनी ते बिल भरलं, पण त्यांच्या पेन्शनीत ते बसणारं नव्हतं. कुणाला बोलले नाहीत. "लेकीकडे जाऊन येतो जरा," म्हणाले आणि खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. लेकीचं घर केवढं? दोन खोल्या, त्यात माणसं पाच. मी विचारलं, "परत कधी?" तर म्हणे, "बघू. तिथे मावलो तर ट्रंक मागवून घेईन."

आणि पुढची गंमत ऐक. ते गेले आणि दोरी बिघडली! चिमटे तेच, भांडणं तीच, पण कपडे ओलेच्या ओले. वर कुबट वास. कुणी म्हणालं हवा दमट झालीय, कुणी साबण बदलला. साबण! मी माझे लोकरीचे मोजे टाकून बघितले. सकाळी पिळता येतील असे. भिंतीला हात लावला तर बर्फ. अगं, ह्याच भिंतीला पाठ लावून मी घड्या घालत बसायची, कंबर शेकते म्हणून!

नळवाल्याला हाक मारली. "आजी, आता काय गळतंय?"

म्हटलं, "गळत नाही रे. ही भिंत काकांबरोबर गावाला गेलीय का ते बघ."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की म्हातारी गेली कामातून. पण ठोकून बघितलं. डबडब वाजलं. मग नखानं रंग खरवडला आणि म्हणाला, "अहो, भिंत कुठली? फळी आहे ही! इथे आधी काकांच्या खोलीत जायचं दार असणार."

मी किल्ली काढली, काकांचा हीटर लावला, दार ओढून घेतलं. दुसऱ्या सकाळी मोजे कडकडीत.

शिक्षिकाबाईंना नेऊन दाखवलं. फळीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे कपडे आपण वाळवायचे आणि टोपी त्यांनी घालायची?"

नळवाला म्हणाला, "उद्याच विटा लावून बुजवतो." तर त्याची बायको ओरडली, "आणि माझे कपडे?" काय हसलो सगळे!

मग टेबलाशी बसून ठरलं. फळी काढून पक्की भिंत. वाळवणाच्या खोलीला तिचा स्वतःचा हीटर, त्याचं बिल नवांत. मग ज्याचं मीटर त्याचं बिल, बाईंचा नियम जसाच्या तसा. आणि काकांनी हीटरपायी आजवर जे जास्तीचे पैसे भरले, तेही नवांत वाटून त्यांना परत. नळवाला म्हणाला, "ते घेणार नाहीत." मी म्हटलं, "नाही घेतले तर भांडू. पण भांडायला माणूस समोर नको का?"

फोन केला होता मी. ते फोनवर "बरं, बरं" म्हणतात आणि ठेवून देतात, पुढे ऐकतच नाहीत. म्हणून तर तुला लिहायला बसवलं. टेबलावर आता कुणी कुणासाठी थांबत नाही, एकाचं जेवण संपतं तेव्हा दुसरा ताट घेतो. हेही लिही.

उद्या त्यांची लेक ट्रंक न्यायला येणारे. मी खाली पोचायच्या आत ती आली, तर ट्रंक अजिबात देऊ नकोस. हा कागद दे तिच्या हातात. म्हणावं, बाबांना वाचून दाखव, आणि सांग, वहिनी विचारतायत, सगळे बसलेत, निघायचं का?