सानगडीचा दादा पिझ्झाच्या दुकानात

भंडारा शहर व परिसरातील समस्त नागरिक, शिक्षकवर्ग, तसेच ज्यांच्यासमोर मी आजवर या विषयावर भाषणं ठोकली ते सर्व बंधुभगिनी यांना कळविण्यास अत्यंत खेद वाटतो की, हायवेलगतच्या काचेच्या दुकानातला पिझ्झा मी खाल्लेला आहे. अनेकदा खाल्लेला आहे. तो मला आवडलेला आहे. सदर प्रकार मी पूर्ण शुद्धीत असताना, कोणाच्याही दबावाविना घडला. कोणाची हरकत असल्यास त्यांनी ती मनातच ठेवावी.

हुश्श. आता पुढचं सांगते.

हे दुकान म्हणजे देशभर शेकडो सख्खी भावंडं असलेलं. सगळ्यांचा एकच तोंडवळा, एकच पाटी, एकच वास. ते भंडाऱ्यात उघडलं त्या आठवड्यात आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत सरळ दोन तट पडले. एका तटाने तिथे जाऊन फोटो काढले आणि मोबाइलवर टाकले. दुसऱ्या तटाने ते फोटो बघून नाकं मुरडली. या दुसऱ्या तटाची सेनापती मी. माझं एक ठरलेलं वाक्य होतं: "जे जेवण नागपुरात, पुण्यात आणि भंडाऱ्यात सारखंच लागतं, त्या जेवणाला गाव नाही. आणि ज्याला गाव नाही, त्याचं मी खात नाही." वाक्य मला इतकं आवडायचं की ते टाकण्यासाठी मी लोकांना मुद्दाम जेवणाच्या विषयाकडे ओढून आणायची. लग्नात टाकलं, बारशात टाकलं, एका तेरवीतही टाकलं.

नागपूरच्या माझ्या नणंदेचं नाक याच दुकानावर अगदी उलट्या कारणाने मुरडायचं. "अय्या, तुमच्याकडे आत्ता आलं ते? आम्ही तर आता तिथे जातच नाही. कोणीही येतं हो तिथे!" तिला ते दुकान हलकं वाटायचं, माझ्या माहेरी सानगडीला ते माजोरडं वाटायचं, आणि मी दोन्हीकडे मान डोलवायची. आमचे हे एकदा म्हणाले, "तू न खाता इतकं बोलतेस, खाल्लं तर पुस्तक लिहिशील." ते मनाला लागलं. अभ्यास म्हणून एका बुधवारी गेले, कारण बुधवारी माझे शेवटचे दोन तास मोकळे असतात.

आमच्याकडे उन्हात स्कूटीवर निघालेली प्रत्येक बाई तोंडाला ओढणी गुंडाळते, डोळे तेवढे उघडे. मी दुकानात शिरले ती तशीच, आणि ओढणी सोडलीच नाही. घास घ्यायचा की ओढणी हनुवटीखाली, घास आत गेला की ओढणी परत वर. बँक लुटायला निघालेली बाई वाटेत चीज खाते आहे असं दिसलं असणार. पहिल्या घासाला मी विरोधात होते. चौथ्या घासाला मी तटस्थ झाले. पुढच्या बुधवारी मी घड्याळ बघत वर्गाबाहेर पडले.

माझ्या मोठ्या भावाची मुलगी इथल्या एका दवाखान्यात नर्स आहे आणि आमच्याच घरी राहते. एका संध्याकाळी चहा टाकता टाकता ती म्हणाली,

"आत्या, तुला कॉर्न जास्त आवडतो ना?"

"कुठला कॉर्न?"

"वरचा. बुधवारचा."

मी हातातली कपबशी ओट्यावर ठेवली.

"तिथल्या मॅनेजरने तुला पहिल्याच दिवशी ओळखलं. म्हणतो, तोंड झाकलं तरी काय, भंडाऱ्यात काउंटरवरच्या गिऱ्हाइकांना 'मुलांनो, रांग करा, ढकलाढकली नको' असं दरडावणारी दुसरी कोण?"

"आणि तो मॅनेजर तुला हे कशाला सांगतो?"

ती चहात साखर ढवळत राहिली. अजून साखर टाकलीच नव्हती. मला सगळं कळलं.

मुलगा एकोडीचा. घरी धानाची शेती, माणसं माहितीतली, बोलणं सरळ. दादाने चौकशी केली तेव्हा एकूण एक गोष्ट पसंत पडली. मग त्याने विचारलं, पोरगा करतो काय? आणि तिथे गाडी अडली.

माझा दादा सानगडीत कशासाठी ओळखला जातो ते सांगायला हवं. गावात कोणाच्याही मांडवात पंगत बसली की ती दादाच्या हाती. कमरेला दुपट्टा बांधायचा, हातात वरणाची बादली घ्यायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत असा फिरायचा की कोणाच्या पत्रावळीवर भात उघडा पडलेला दिसायचा नाही. कोण किती भात घेतो, कोणाला पोटाचा त्रास आहे, कोण लाजून 'नको' म्हणतो आणि कोणाचं 'नको' खरं, हे सगळं त्याला पाठ. शेवटच्या माणसाचं झाल्याशिवाय दादा कोणाला उठू देत नाही.

मी फोन लावला.

"दादा, पोरगा चांगला आहे."

"असन. पन लोकायचं खरकटं उचलते."

"अन् तू लग्नात काय करतं?"

"ते आपल्या मानसायले वाढनं हाये, बाई. पगारी नाई."

"म्हंजे फुकट वाढलं तर मोठेपना, अन् पगार घेतला तर हलकेपना?"

तो म्हणाला, "तूच त म्हने, त्या दुकानाले गाव नाई, अन् ज्याले गाव नाई त्याचं खाऊ नये. तेरवीत म्हनलं होतं. साऱ्या गावानं आयकलं."

मी आयुष्यात एकच वाक्य जमवून केलं, आणि ते माझ्याच भाचीच्या लग्नाला आडवं येऊन बसलं. त्या दिवसापासून मला बसवेना. वर्गात फळ्यावर तारीख लिहिताना कालची लिहायची. वरणाला फोडणी दोनदा. शेवटी मी दादाला इतके फोन केले की वहिनी म्हणाली, "जा बाप्पा एकदाचे, नाई त हे बाई इथंच येऊन बसते." दादा कबूल झाला. "येतो. पोराले त्याच्या कामावर पायतो. पन देतो म्हनून सांगू नोको कोनाले."

ठरलेल्या बुधवारी मी शाळेतून रजा टाकली. साडी तीनदा बदलली. बस यायला तासभर असताना स्टँडवर जाऊन उभी राहिले, मग बसले, मग पुन्हा उभी राहिले. दादा उतरला तो पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा. सकाळी आठला जेवून निघालेला. ऑटोत मी एकटीच बोलत होते आणि तो बाहेर बघत होता. दुकानाच्या दाराशी भाची आधीच येऊन थांबली होती. मी काचेचं दार ढकललं, आत गेले, मागे वळून पाहिलं तर दादा बाहेर वाकलेला. चपला काढत होता.

"दादा, घालून ये, इथं चालते."

"काहून? अन्न शिजते ना आत?"

"शिजते, पन..."

"मंग चपला घालून कायले जाच्या?"

तो अनवाणी आत आला. थंडगार फरशीवर त्याची पावलं एकदा आखडली, तेवढंच. एरवी मी लाजेने काळवंडले असते. पण कशी कोण जाणे, मला मजा वाटायला लागली. मी बाहेर जाऊन माझ्याही चपला काढल्या. भाचीने माझ्याकडे रागाने पाहिलं आणि मग सँडलचे बंद सोडले. आम्ही टेबलाशी बसतो तोच एक कुटुंब दाराशी आलं, आजीसकट. त्यांनी तीन जोड पाहिले, एकमेकांकडे पाहिलं, आणि गुमान आपापले जोड काढून आत आले. त्यांच्यामागे कॉलेजची दोन पोरं आली, तीही बुटांच्या नाड्या सोडायला बसली. थोड्याच वेळात त्या दुकानाबाहेर भजनी मंडळाच्या दारासारखा ढीग झाला.

मुलगा आतून आला. टोपी, बिल्ला, दुकानाचा टी-शर्ट. आल्या आल्या त्याची नजर काचेबाहेर गेली. तो आम्हाला नमस्कार करून तसाच बाहेर गेला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येणार नाहीत अशा बेताने सगळ्या चपला भिंतीशी ओळीत लावल्या, हात धुतले आणि मग आमच्याकडे आला. दादा हे सगळं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं असेल तर ते मला दिसलं नाही, कारण मी तोवर तिसऱ्यांदा जागा बदलून एसीच्या झोतात जाऊन बसले होते.

"जागेवर आनून देता का साऱ्यायले?" दादाने विचारलं.

"नाही काकाजी. इथं ज्याचं त्यानं काउंटरवरून न्यावं लागते. तुमचं मी आणतो."

"हूं."

दादाचे सगळे 'हूं' मला लहानपणापासून ओळखता येतात. हा कधी ऐकलेला नव्हता.

"अन् खरकटं कोन उचलते?"

मी टेबलाखालून मुलाला लाथ मारायला गेले, ती लोखंडी पायाला बसली. डोळ्यांत पाणी आलं.

"पोरं उचलतात," तो म्हणाला. "गर्दी झाली की मीपण उचलतो. टेबल मोकळं नाही झालं तर उभी असलेली माणसं उभीच राहतात ना, काकाजी. भुकेल्या माणसाला उभं ठेवणं बरं नाही दिसत."

"हूं," दादा म्हणाला. मग, "एकाले आधी भेटलं अन् बाजूच्याले मांगून, असं होते का?"

"होते. रविवारी लय होते. मग ज्याचं उशिरा आहे त्याच्यापाशी मी जाऊन उभा राहतो. बोलत राहिलं की माणूस चिडत नाही."

"मी पापड वाढून देतो," दादा म्हणाला. "पापड मोडेपरेंत वरन येते."

दोघं बोलत होते, आणि मी उठून हात धुवायला गेले. परत आले. पुन्हा गेले. बेसिनपाशी भाची भेटली, तीही हात धुवत होती. "काय वाटतं, आत्या?" "पापडावर आहेत," मी म्हटलं.

पिझ्झा आला. मुलाने तो स्वतः ट्रेमधून आणला, कागदी रुमाल मांडले, मिरचीच्या पुड्या फोडून ठेवल्या. आधी दादाच्या पुढ्यात एक तुकडा वाढला, मग माझ्या, मग भाचीच्या. आणि कोणी न सांगता मागे सरकून उभा राहिला, दादा पंगतीत राहतो तसा, पुढे काय लागतं ते बघत. दादाचा हात तुकड्याकडे गेला. मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

"पोटभर घ्या, काकाजी," मुलगा म्हणाला. "हे माझ्याकडून."

दादाचा हात थांबला. तुकड्यावरून परत आला आणि मांडीवर जाऊन बसला.

"तुमी खा," तो म्हणाला. "मले नाई पायजे."

"काकाजी, तिखट वाटत असेल तर दुसरं..."

"नाई नाई. चांगला हाये. खा तुमी."

"पाणी तरी घ्या."

"नाई."

सकाळी आठचा जेवलेला माणूस, दुपारचे दोन वाजलेले, आणि पाण्याला नाही! चीजची चकाकी गेली, कडा कडक होऊ लागल्या. मुलगा हात मागे बांधून उभा होता, कान लाल झालेले. भाचीने आपला तुकडा उचललाच नव्हता. ती खाली मान घालून केचपच्या पुडीचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती, पुन्हा दुमडत होती. ही मुलगी दवाखान्यात रात्रपाळ्या करते, रक्त बघून डगमगत नाही. तिला त्या पुडीशी असं चाळे करताना पाहिलं आणि माझा तोल गेला.

मी उभी राहिले. समोर वर्ग आहे असं वाटलं की माझा आवाज आपोआप चढतो.

"दादा, हे बरं नाई केलं तू! इतक्या दुरून आला, पोराले नाही नाही ते विचारलं, त्यानं एका शब्दानं खोटं सांगितलं नाई. चपला लावल्या त्यानं साऱ्यायच्या! अन् तू त्याच्या हातचं पानी पेत नाई? कोनाच्याही मांडवात जेवतं, स्टँडवरचे भजे खातं, अन् इथं तुले हलकं वाटते? ते माझं वाक्य असन तुझ्या डोक्यात, त मी ते वापस घेतो! मी दर बुधवारी येतो इथं! तोंड बांधून खातो!"

आजी तुकडा हातात धरून आमच्याकडे वळून बसली. काउंटरवरच्या मुलीने पुकारायला घेतलेला नंबर अर्ध्यात गिळला.

दादा उठला. अनवाणी, दुपट्टा सावरत. त्याने आधी मुलाकडे पाहिलं, मग भाचीकडे, मग माझ्याकडे, मास्तरीण होऊनही काही न शिकलेल्या बहिणीकडे पाहावं तसं. आणि मांडवाच्या त्या टोकाला बसलेल्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला,

"अवो बाई, लेकीच्या घरचं पानीबी पेत नसते बाप, अन् तू मले कवाची पिझ्झा चारून रायली!"