लढाईत कोणी मरत नाही

त्या संध्याकाळी मी आणि बायको वाल सोलत जुन्या फौजी विनोदी सिनेमाची कॅसेट ऐकत बसलो होतो. टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तिनेच ती भरलेली. हवालदार चिखलात पडला की मध्येच तिचं भरताना हसलेलं हसणं टेपवर ऐकू येई. पहाटे ती झोपेतच वारली.

महिन्याने असल्या सिनेमांच्या कॅसेटी जमवणारा एक माणूस गिरीजला आमच्या दारात आला. वालीवला एका कारखान्यात कामाला आहे म्हणाला. कॅसेटला नाक लावून त्याने बुरशी हुंगली, करंगळीने चक्री फिरवली आणि लावली. हवालदार पडला तरी त्याची मिशी हलली नाही.

"हसत नाहीस, मग जमवतोस कशाला रे?"

"यातल्या लढाईत कोणी मरत नाही, काका." मग कान देऊन म्हणाला, "मध्ये कोणी बाई हसते. ती मशीनवर काढून टाकीन."

मला ते हसणं सोसत नव्हतं. म्हटलं, "ने. काढ."

सकाळी चहा ठेवला तेव्हा टाळक्यात आलं, तिचा आवाज दुसरा कुठंच नाही. गॅस बंद करून वालीव गाठलं आणि एकेका कारखान्याच्या गेटवर विचारत फिरलो.

वॉचमन म्हणे, "नाव काय त्याचं, आजोबा?"

नाव मी विचारलंच नव्हतं.