बाईला ‘बाय’ म्हणणारी

कुलूप लावून किल्ली शेजारच्या काकूंच्या हातात देताना बाईनं बजावलं होतं, आठच दिवस जाते म्हणून. बाई म्हणजे माझी आई. माणदेशात आमच्या घरी आईला बाईच म्हणायचे. वडील गेल्यापासून ती तिथं एकटी. दोनदा चक्कर येऊन पडली, तेही आम्हाला शेजाऱ्यांकडून कळलं. मला तिला इथं माझ्याकडे बोळिंजला कायमची ठेवून घ्यायची होती, पण ती कसली ऐकतेय!

इथं आल्यावर आधी तिच्या नावाचीच पंचाईत. आमच्या सोसायटीत बाई म्हणजे भांडी घासायला येते ती. शाळेतल्या बाईंची तर कधीच ‘मिस’ झाली. समोरचे मारवाडी लाडक्या बहिणीला बाई म्हणतात. वरच्या मजल्यावरची बंगाली सून म्हणाली, आमच्याकडे बाई म्हणजे खूळ, मूळ शब्द वायू. स्वच्छतेचं वेड म्हणजे शुचिबाई. बाईनं नुकताच माझा घासलेला कुकर पुन्हा घासला होता. मी आपलं हसू दाबलं. माझा लेक शाळेत जाताना ‘बाय’ म्हणतो, तो इंग्रजीतला. ‘देव तुझ्यासोबत असो’ हे अख्खं वाक्य झिजून एवढंसं उरलंय म्हणे. बाईला ते फार आवडलं. तरीही आठव्या दिवशी तिनं पिशवी भरलीच. मला रडू येत होतं.

प्रवासाला केळी घ्यायला आम्ही खाली उतरलो. गेटपाशी वाडीतली केळी, अळू, अबोलीच्या वेण्या घेऊन एक म्हातारी बसते. इथलीच, पिढ्यान्‌पिढ्यांची, ऐंशीच्या पुढची असेल. ऊन मी म्हणत होतं. बाईला दम लागलेला बघून तिनं आपलं बसकूर सरकवलं आणि तांब्या पुढं केला.

“बस गो बाय, पानी पी.”

या किनाऱ्यावर म्हाताऱ्या बायका धाकटीला, लेकीला अशीच हाक मारतात. पण सत्तरीच्या माझ्या आईला? गावात ती सगळ्यांची थोरली, तिच्यावर आवाज चढवायची कुणाची टाप नाही. म्हातारीनं तिला चांगली झापली. उन्हात बोडक्यानं कशाला फिरतेस, पदर घे म्हणाली. आणि कुणाचं काडीचंही न ऐकणाऱ्या माझ्या आईनं मुकाट्यानं पदर घेतला! मी बघतच राहिले. त्या म्हातारीला तिथल्या तिथं वाकून नमस्कार करावासा वाटला. बाईची चार वाक्यांत ओळख करून घेऊन, केळ्यांवर एक वेणी ठेवून, ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलीसुद्धा.

वर आल्यावर बाई पिशवीतली लुगडी काढून कपाटात रचायला लागली. गावाकडच्या माणसांनो, तुम्ही फोनवर सारखं विचारता ना, बाईला तिथं करमतं तरी कसं? त्या दिवशी मीही तिला तेच विचारलं होतं, इथं करमेल का तुला म्हणून. ती लुगड्याची घडी नीट करत म्हणाली,

“आय गेल्यापासनं मला पोर समजून कुणी रागावलंच न्हवतं बघ. ऱ्हाते मी.”