मेलेलीच्या नावाचं पाणी

हब्बूबा सित्तनाचा नवरा नावाडी होता, आणि तिच्या तोंडाला भिऊनच तो घरापेक्षा नाईलवर जास्त राहायचा, असं आमची अख्खी गल्ली म्हणायची. तो वारल्यावर तिनं किसऱ्याच्या पातळ भाकऱ्या भाजून विकल्या, तीन मुलगे वाढवले. तिघेही परदेशी गेले, पण ही काही आमचं ओमदुरमान शहर सोडेना. नात्याची नसली तरी आम्हा सगळ्यांची ती हब्बूबा, म्हणजे आजी. तिच्या दाराबाहेर कडुनिंबाखाली लोखंडी घडवंचीवर दोन रांजण असत. येणाऱ्याजाणाऱ्यानं पेला बुडवावा, प्यावं आणि वाटेला लागावं. रांजण पुष्कळ दारांपुढे असतात, पण रिक्षावाले वाट वाकडी करून हिच्याकडे यायचे.

लढाई अजून देशाच्या पश्चिमेकडेच होती तेव्हा मी कॉलेजात होते. तिथले फोटो सगळ्यांना पाठवायचे, कपडे गोळा करायचे. हब्बूबा म्हणायची, “तिकडे कोण उपाशी आहे ते तुझ्या मोबाइलला बरं ठाऊक, इखलास. तुझ्या आईनं सकाळपासून काही खाल्लंय का, तेही विचार त्याला.” मला राग यायचा, कारण ते खरं असायचं.

मग लढाई आमच्या दारात आली आणि गल्ली ओस पडली. आम्ही उरलेली पोरं एका अंगणात मोठ्या पातेल्यात मसूर शिजवायचो आणि लपून राहिलेल्यांना पोचवायचो. शेजारशेजारच्या अंगणांच्या भिंतीत बायकांना येण्याजाण्यासाठी लहानसं दार असतंच. आता तोच आमचा रस्ता. बाहेर गल्लीत बंदूकवाले फिरत होते, पाऊल टाकायची सोय नव्हती.

हब्बूबाकडे दोन बहिणी लपल्या होत्या. पश्चिमेकडून चालत आलेल्या. रांजणाशी पाणी प्यायला थांबल्या, तर हिनं हाताला धरून आत घेतल्या.

“नात्यातल्या का गं?” मी विचारलं.

“तहानेच्या नात्यातल्या,” ती म्हणाली.

थोरली सोळाची असेल. बंदूकवाले अशाच पोरींसाठी घरं धुंडाळत होते. भरलेला रांजण म्हणजे आत माणूस आहे, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

“रांजण कोरडे ठेव, हब्बूबा. तुला अल्लाची शपथ.”

“माझ्या दारातून तहानलेला कधी गेला नाही.”

“माझं ऐकू नकोस. या पोरींकडे बघ.”

तिनं बघितलं, आणि रांजण भरणं बंद केलं. मला वाटलं होतं शिव्या देईल. ती नुसती भिंतीला टेकून बसून राहिली.

काही दिवसांनी मी तिच्या दाराच्या फटीतून सहज बाहेर पाहिलं. रांजण ओले होते. बुडाशी पाझरलेलं पाणी धुळीत जिरत होतं.

“तू बाहेर गेली होतीस!”

“मेल्या आईची शपथ, उंबरा ओलांडला नाही.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टळटळीत दुपार, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही, आणि पेला धुऊन झाकणावर पालथा घातलेला.

“तो असाच पालथा घालायचा,” हब्बूबा म्हणाली. “आलाय बघ नावाडी. माझ्यावर कधी काम सोपवलं नाही मेल्यानं.”

मला हसू आलं नाही. धाकटी बहीण म्हणाली, दुपारी दाराबाहेर कुणीतरी एकटंच बोलतं. भूत असो की माणूस, ते ओले रांजण पोरींच्या जिवावर उठले होते. ते फोडायचेच असं ठरवून दुसऱ्या दुपारी मी मुसळ घेऊन दारामागे उभी राहिले.

पावलं वाजली नाहीत. एकदम पाणी ओतल्याचा आवाज आला आणि मग बाईचा घोगरा स्वर.

“या अल्ला, या रांजणांच्या धनिणीवर दया कर. तिनं मला पाणी दिलं होतं. तिचं नाव मला ठाऊक नाही, तुला ठाऊक आहे. तिची कबर प्रशस्त कर, तिला थंडावा दे. हे पाणी तिच्या नावावर धर.”

माणूस मेलं की आमच्याकडे त्याच्या नावानं रांजण भरतात. हिनं कोरडे रांजण पाहिले आणि हब्बूबाला मेलेली धरलं. मी मागे वळले. हब्बूबा तिथंच उभी होती, स्वतःच्या कबरीची दुआ ऐकत. तिनं माझं मनगट पकडलं. एवढ्या उन्हाळ्यात तिचा हात गार होता. क्षणभर मला खरंच कळेना, मी कुणाच्या शेजारी उभी आहे.

तेवढ्यात गाडी थांबली. बूट वाजले.

“कुणाचं घर हे?”

“मेलेलीचं,” बाई म्हणाली. “तिच्या नावानं पाणी भरते.”

“आत कोण आहे?”

“मेलेलीच्या घरात कोण असणार, लेकरा? पी. आणि प्यायलास की तिच्यासाठी फातिहा म्हण.”

पेला बुडाल्याचा आवाज आला. थोरलीनं धाकटीच्या तोंडावर हात दाबून धरला होता. मग बाहेर तो मुलगा खरोखरच फातिहा पुटपुटला. आवाज माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा वाटला. मला त्याचा संताप आला आणि रडूही आलं. गाडी निघून गेली.

हब्बूबानं फटीला तोंड लावलं. मी तिचा पदर ओढला, पण ती कुठली ऐकतेय!

“बाई गं, मी जिवंत आहे.”

बाहेर बादली पडली. मग अगदी दाराशी, कुजबुजत्या आवाजात बाई म्हणाली, “आत आणखी कोण आहे ते मला सांगू नकोस. तू मेलेलीच बरी आहेस, आई. मी येत जाईन.”

दुसऱ्या दुपारी ती आली. पाणी ओतलं, आणि दुआ इतक्या मोठ्यानं म्हटली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जावी. हब्बूबानं दोन्ही पोरींना कुशीत घेतलं आणि आपल्याच मरणाला हळूच “आमीन” म्हणाली.