अकोल्याचं इंजेक्शन

मी तिसऱ्यांदा मोजलं. तिसऱ्यांदाही बेचाळीसच आले.

"डाक्टर सायेब, काही गडबड हाय का?" हृदयाच्या इको तपासणीसाठी टेबलावर डाव्या कुशीवर झोपलेल्या भाऊरावांनी विचारलं.

"नाही, मशीन जरा नाटक करतंय."

मशीन बिचारं सरळ होतं. नाटक माझं चाललं होतं.

मी अमरावतीला राजापेठेत हृदयविकारतज्ज्ञ म्हणून बसतो. भाऊराव ढोले हे धामणगाव रेल्वे या गावच्या शाळेतले निवृत्त पी.टी. मास्तर. मोठा अटॅक येऊन गेला तेव्हा त्यांचं ईएफ अठ्ठावीस होतं. ईएफ म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी शेकडा किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, तो आकडा. तुमचं-माझं साठच्या आसपास असतं. अठ्ठावीसवाल्याला अंगणातून घरात येतानाही दम लागतो. मी त्यांना गोळ्या लिहून दिल्या. वर्ष गेलं, आकडा ढिम्म हलला नाही. आणि आता एकदम बेचाळीस!

डॉक्टरला आनंद व्हायला हवा. झालाही असता. पण मधल्या काळात भाऊराव अकोल्याला जाऊन आले होते. विन्याकडे.

विन्या माझा बॅचमेट. मेसमध्ये माझ्या ताटातलं तूप खाऊन मोठा झालेला. अकोल्यात त्याच्याकडे स्टेम सेलची ट्रायल, म्हणजे नव्या उपचाराची चाचणी, सुरू होती. आपल्या हाडांच्या मगजात काही पेशी असतात, ज्यांचं पुढे काय व्हायचं ते अजून पुरतं ठरलेलं नसतं. कमरेच्या हाडातून त्या काढायच्या, निवडायच्या आणि बारीक नळीनं हृदयाच्या रक्तवाहिनीत सोडायच्या. अटॅकमध्ये मेलेला स्नायू आपणहून पुन्हा उगवत नाही. या पेशी तिथे काही डागडुजी करतात का, ते बघायचं. पेशी पेशंटच्या स्वतःच्याच, त्यामुळे शरीर त्यांना परकं मानत नाही.

कल्पना सुंदर आहे. ती मला सुचली नाही, एवढाच तिच्यात दोष. पेपरात विन्याचा फोटो आला. बायकोनं बातमी मोठ्यानं वाचली. दोनदा. आई म्हणाली, "त्या विन्यासारखं तू काहून नाई करत काही?" माझेच पेशंट मला अकोल्याच्या बसची वेळ विचारू लागले.

भाऊराव शर्टाची बटणं लावत म्हणाले, "रोज स्टेशनपर्यंत पायी जाऊन राहिलो, सायेब. तुमच्या गोयांनं वर्षभर जे झालं नाई, ते एका सुईनं झालं!"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "भाऊराव, ती ट्रायल आहे. निम्म्या लोकांना पेशी देतात, निम्म्यांना नुसतं सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं ते पेशंटलाही कळू देत नाहीत, डॉक्टरलाही नाही. तुम्हाला पाणीच मिळालं असेल तर?"

हे त्यांना सही घेताना सांगितलेलंच होतं. पण सही करताना ऐकतो कोण? भाऊरावांचा चेहरा उतरला.

"मंग हे बेचाळीस कुठून आले?"

प्रश्न बिनतोड होता. मी त्याचा विचारच केला नाही. "येतात कधी कधी," म्हणालो आणि शीळ घालत घरी गेलो.

काही दिवसांनी त्यांच्या पत्नीचा, कमलबाईंचा फोन आला. "डाक्टर सायेब, ह्यायचे पाय सुजले. आडवं झोपता येत नाई. रातभर बसून राह्यतात."

आणलं, ॲडमिट केलं. फुप्फुसात पाणी भरलेलं. ईएफ बत्तीस.

"गोळ्या चालू आहेत ना?"

"बंद केल्या," भाऊराव धापा टाकत म्हणाले. "सुई खोटी, तं गोया कायले खायच्या? अकोल्याचा फोनबी उचलत नाई मी."

इंजेक्शनं देऊन पाणी उतरवलं. मास्तर वाचले. पण गोळी पुढे केली की तोंड फिरवत. "तुमच्यावर भरोसा नाई आता."

झक मारत विन्याला फोन लावला आणि मास्तरांनी गोळ्या सोडल्याचं सांगितलं.

"अबे, तू त्याले काय बोलला?" तो ओरडला. मी सांगितलं. मग तो म्हणाला, "आमची सिस्टर दर आठवड्याला फोन करून तुझ्याच गोळ्या घेतल्या का ते त्याला विचारायची. तुझ्याकडे होता तेव्हा तरी घेत होता का, विचार."

मी कमलबाईंना विचारलं.

"तुमच्या गोया? त्या तं हे दम लागला का घेत. नाई तं डब्यात पडून."

म्हणजे वर्षभर जे औषध लागू पडत नाही असं मी समजत होतो, ते धड पोटात गेलंच नव्हतं. आणि गेलं तेव्हा त्याचं श्रेय मी स्वतःच विन्याला देऊन त्याच्यावर जळत बसलो होतो.

"तूच समजाव त्यांना," मी म्हटलं. हे वाक्य बोलताना काय झालं ते सांगत नाही.

फोन स्पीकरवर टाकला. विन्या म्हणाला, "मास्तर, तुम्हाला काय दिलं ते मलाही माहीत नाही. पण अमरावतीच्या डॉक्टरच्या गोळ्या एकदम बरोबर आहेत. घेतल्या नाहीत तर ग्राउंडला चक्कर मारायला लावीन."

"हो सायेब," भाऊराव म्हणाले आणि त्यांनी तीच गोळी, माझ्याच हातून, मुकाट घेतली.

पुढे ट्रायल संपली, कोणाला काय मिळालं ते उघड झालं. विन्यानं आपण होऊन कळवलं: भाऊरावांना सलाइनच मिळालं होतं. पेशी मिळालेल्यांपैकी काहीजण सुधारले होते, पण सलाइनवालेही सुधारले होते. त्यात पेशींचा वाटा किती, हे त्यालाही छातीठोक सांगता येईना. तो फोटोवाला माणूस हे सरळ कबूल करत होता, याचाही मला हेवा वाटला.

तोवर भाऊरावांचं ईएफ पुन्हा चाळीसवर आलं होतं. ते तपासायला आले तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "मास्तर, तुम्हाला नुसतं पाणी दिलं होतं. गुण आला तो माझ्या गोळ्यांचा!"

भाऊरावांनी विचार केला. मग कमलबाईंकडे वळून म्हणाले, "पाह्य, अकोल्याचं नुसतं पानी एवढं भारी, तं औषध कसं असन!"

स्टेम सेलचं पुढे जे सिद्ध व्हायचं ते होईल. मी तूर्त एक सिस्टर ठेवली आहे, दर आठवड्याला पेशंटना फोन करायला. विन्याचं नाव घ्यायचं नाही, अशी तिला सक्त ताकीद आहे. पेशंट गोळ्या चुकवायला लागला, तरच घ्यायचं.