परतूर स्टेशनवरची भजी

तळलेल्या मिरचीचा वास आला, की मला परतूर स्टेशनवरची ती उन्हाळी दुपार आठवते. मुलीने भजी मागितली, तेव्हा भजीवालीला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "असलं घाणेरडं खाऊन आजारी पडायचंय का?" तिच्यासमोरची दोन गिऱ्हाइकं भजी न घेताच निघून गेली. मी मुलीला डब्यातली, घरची म्हणून आणलेली रात्रीची बटाट्याची भाजी भरवली. तासाभरात तिला उलट्या सुरू झाल्या. भजीवालीच धावत आली. "घाबरू नका ताई, पाणी उकळेलंच हाय," म्हणत तिने मीठसाखर घालून थोडंथोडं पाजलं. गाडी आल्यावर मी आभार मानले, पण 'माझं चुकलं' म्हणवलं नाही. मुलगी अजून कधी त्या उलट्यांबद्दल विचारते, तेव्हा मी सांगते, तुला ऊन लागलं होतं.